राजाबाई कोण होत्या? विद्यापीठ-कॉलेजांच्या इमारतींवरची नावं

नीलाक्षी | शनिवार, रात्री ९.४०

परवा भाचीला घेऊन फोर्टात गेले होते. बारावीनंतर काय करायचं ते तिचं ठरत नाहीये, म्हटलं निदान विद्यापीठ तरी बघ. ओव्हल मैदानाच्या कुंपणाशी उभं राहून तिने राजाबाई टॉवरकडे मान वर केली आणि विचारलं, "मावशी, राजाबाई कुठली राणी गं?"

मी त्याच विद्यापीठाची एम. ए. मला एवढंच सांगता आलं, की राणी नव्हे, एका शेठची आई.

"तिने काय केलं?"
"तिने काही नाही. मुलाने पैसे दिले."
"मग मुलाचं नाव का नाही?"

यावर मी तिला सँडविच घेऊन दिलं.

घरी आल्यावर वाचत बसले. प्रेमचंद रायचंद हे कापसाच्या आणि शेअरच्या बाजारातलं त्या काळचं सगळ्यात मोठं नाव. १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचं नाव द्यावं, एवढी त्यांची इच्छा. आराखडा गिल्बर्ट स्कॉट यांचा. त्यांनी तो लंडनमध्ये बसून काढला, मुंबईला ते कधी आलेच नाहीत. १८६९ मध्ये काम सुरू झालं आणि १८७८ च्या नोव्हेंबरमध्ये संपलं. उंची २८० फूट. राजाबाईंना दिसत नव्हतं, सूर्यास्तापूर्वी जेवायचा जैनांचा नियम त्यांना घड्याळाच्या टोल्यांवर पाळता यावा म्हणून हा मनोरा, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. गोष्ट गोड आहे. पण त्यापलीकडे या बाईंबद्दल मला एक ओळसुद्धा सापडली नाही. मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या चोवीस जातीजमातींचे पुतळे कोरलेत, आणि जिचं नाव मनोऱ्याला आहे तिचा चेहरा कसा होता, कोणाला माहीत नाही.

म्हणून हा धागा. तुमच्या कॉलेजातल्या, विद्यापीठातल्या इमारती, सभागृहं, ग्रंथालयं कोणाच्या नावाची होती? ती माणसं कोण होती? इकडून तिकडून चिकटवू नका. ज्या पायऱ्यांवर स्वतः बसलात तिथलं लिहा.

---

दगडफूल | शनिवार, रात्री ९.५२

आमच्या हॉस्टेलला नाव होतं, पण आम्ही त्याला तुरुंगच म्हणायचो. खरं नाव आत्ता आठवत नाहीये, यातच सगळं आलं.

---

पेन्शनर | शनिवार, रात्री १०.१५

नीलाक्षीताई, विषय छान काढलात. प्रेमचंदांबद्दल थोडी भर घालतो.

हे पैसे आले कुठून, ते बघण्यासारखं आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून सगळी मागणी मुंबईवर आली. भाव असे चढले की लोक गाद्या उसवून कापूस विकायचे असं म्हणतात. पैशाला जागा पुरेना, म्हणून कंपन्या निघाल्या. त्यातली सगळ्यात गाजलेली बॅक बे भरणीची. मुंबईत जो तो शेअर घेत होता. आणि १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपल्याची तार आली. १ जुलै १८६५ ला सगळे वायदे एकदम पुरे करायचे होते. त्या दिवशी अर्धी मुंबई बुडाली. बँक ऑफ बॉम्बे त्यातच गेली. प्रेमचंदही बुडाले.

म्हणजे मनोऱ्याचा पहिला दगड बसला तेव्हा देणारा माणूस चार वर्षांपूर्वीच कफल्लक झालेला. विद्यापीठाचे पैसे वाचले, कारण ते आधीच विद्यापीठाच्या हाती पडले होते. दोन-तीन वर्षं उशिरा दिले असते तर आज तिथे मनोरा नसता. ओव्हलवरून वर बघताना मला दरवेळी हेच आठवतं. तो मनोरा म्हणजे फुटलेल्या फुग्यातून वेळेवर काढून ठेवलेली हवा आहे.

प्रेमचंद पुढे पुन्हा उभे राहिले, ती गोष्ट वेगळी. एक गंमत मात्र सांगतो. त्यांनी कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख दिले होते. त्यातून निघालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती बंगालात फार मानाची. ती मिळवणाऱ्यांत जदुनाथ सरकार होते. शिवाजी महाराजांचा इतिहास लिहिणारे तेच. कापूस विदर्भ-गुजरातचा, पैसा मुंबईच्या शेठचा, शिकला बंगाली, आणि इतिहास आपला.

---

खिडकीतला_बगळा | शनिवार, रात्री १०.३१

> फुटलेल्या फुग्यातून वेळेवर काढून ठेवलेली हवा

काका, हे मी ढापणार.

---

रेघोट्या | शनिवार, रात्री १०.५८

मनोऱ्याच्या शेजारचं सभागृह विसरू नका. सर कावसजी जहांगीर पदवीदान सभागृह, १८७४. यांचं आडनाव रेडीमनी! चक्क तेच, टोपणनाव नाही. घराणं रोखीच्या व्यवहारासाठी ओळखलं जायचं, म्हणून लोकांनी पाडलेलं नाव आडनाव होऊन बसलं. विद्यापीठाला एक लाख त्यांनी दिले, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीलाही दिले, शहरभर चाळीस पाणपोया बांधल्या. आवारात त्यांचा बसलेला पुतळा आहे. आम्ही सुवर्णपदकवाल्यांचे फोटो त्याच्या पायाशी काढायचो. (मी फोटो काढणाऱ्यांत होते, पदकवाल्यांत नव्हे.)

आता गोंधळ बघा. रीगलच्या चौकात इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या इमारतसमूहात एक कावसजी जहांगीर हॉल आहे. तो या कावसजींचा नाही, पुढच्या पिढीतल्या सर कावसजींचा. रेडीमनींना मूल नव्हतं. त्यांनी पुतण्याला वारस केलं आणि घराण्यात तीच नावं पुन्हा पुन्हा येत राहिली. त्या संस्थेला सर जेकब ससून, सर करीमभाई इब्राहिम आणि सर वसनजी त्रिकमजी यांनीही पैसे दिले. पारशी, ज्यू, खोजा आणि जैन, एकाच दगडी आवारात. आता त्या गोल हॉलमध्ये आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. नोकरीला लागले तेव्हा 'कावसजी हॉलला भेटू' म्हणून मी चुकीच्या हॉलबाहेर पाऊण तास उभी होते. तेव्हापासून हा फरक पाठ आहे.

---

तांबटआळी | शनिवार, रात्री ११.२०

पुण्याचं कोणी लिहितंय की मी लिहू?

---

पेन्शनर | शनिवार, रात्री ११.२४

लिहा की. पुणेकरांना परवानगी कधीपासून लागायला लागली?

---

तांबटआळी | शनिवार, रात्री ११.५६

बरं.

आमच्या विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे गव्हर्नरचा पावसाळी बंगला. बार्टल फ्रिअर साहेबाने १८६४ मध्ये बांधायला घेतला. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाचा सोहळा आटोपून रँड तिथूनच निघाला आणि गणेशखिंडीत चापेकरांच्या हाती सापडला. त्याच बंगल्यात १९४९ पासून विद्यापीठ. नंतर २०१४ पासून त्याला नाव सावित्रीबाई फुल्यांचं. गव्हर्नरच्या मेजवानीघरावर सावित्रीबाईंचं नाव, याहून मोठा उलटफेर मला तरी माहीत नाही.

पण विद्यार्थ्याच्या तोंडी असतं ते 'जयकर'. 'जयकरला बसलोय', 'जयकरच्या मागे ये', 'जयकर बंद झालं की चहा'. स्पर्धा परीक्षावाल्यांची अख्खी पिढी तिथे वाढली. मी चार वर्षं तिथे बसून एकदाही विचार केला नाही, की जयकर हा माणूस होता. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. सप्रू-जयकर या जोडीने गांधीजी आणि व्हाइसरॉय यांच्यात बोलणी घडवून आणली, ते जयकर. प्रिव्ही कौन्सिलवर होते. आमच्यासाठी मात्र ते थंड फरशी आणि हळू फिरणारा पंखा.

फर्ग्युसनची तर मजा आहे. सर जेम्स फर्ग्युसन मुंबई इलाख्याचे गव्हर्नर. त्यांनी बाराशे रुपये देणगी दिली. बाराशे! तिकडे प्रेमचंदांनी दोन लाख देऊन आईचं नाव लावलं, इकडे बाराशेत अजरामर. अर्थात टिळक-आगरकरांना सरकारदरबारी कॉलेजला आधार हवा होता, नाव त्यासाठी. तेव्हाच्या हिशेबाने सौदा वाईट नव्हता.

आणि याच्या बरोबर उलट रावबहादूर काळे. गोखले इन्स्टिट्यूटला पैसे त्यांनी दिले, १९३० मध्ये संस्था उभी राहिली आणि नाव दिलं गोखल्यांचं. स्वतःच्या नावाने फक्त एक सभागृह. 'काळे हॉल' म्हटलं की लोक भिंतीच्या रंगाबद्दल विचारतात.

---

दगडफूल | रविवार, सकाळी ७.४८

झोप न येणारी मंडळी बरीच आहेत इथे.

एसपीचं राहिलं. १९१६ मध्ये न्यू पूना कॉलेज होतं. जमखंडीच्या पटवर्धनांनी देणगी दिली आणि वडिलांचं नाव लागलं, सर परशुरामभाऊ. आता ते पूर्ण नाव फक्त मार्कशीटवर दिसतं. 'तुम्ही कुठले?' 'एसपीचे.' एसपी कोण, विचारलं तर दहातले आठ जण पोलीस सुपरिंटेंडेंट म्हणतील.

---

गोदाकाठ | रविवार, सकाळी ९.०५

आद्याक्षरांवरून आठवलं. मी व्हीजेटीआयचा. घोषणांचा, मोर्च्यांचा काळ संपून गेल्यावर, १९९७ मध्ये, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटचं वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट झालं. अक्षरं चारही तीच. लेटरहेड, टी-शर्ट, माजी विद्यार्थ्यांचे बिल्ले, सगळं वाचलं. नामांतर करावं तर असं. सरकारी खर्चात इतकं काटकसरीचं काम मी दुसरं पाहिलेलं नाही. राणी गेली, जिजाऊ आल्या आणि आमचे सर मात्र शेवटपर्यंत 'व्हीजे'च म्हणत राहिले.

---

सावली | रविवार, सकाळी १०.३३

आद्याक्षरांचा विषय निघालाच आहे तर मी एसएनडीटीची.

धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची पुस्तिका त्यांच्या हाती पडली होती, तिथून ही कल्पना. पैशाची ओढाताण होतीच. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख दिले आणि आईचं नाव लागलं. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. १९२१ मध्ये पाच जणी पदवी घेऊन बाहेर पडल्या.

नीलाक्षी, तुझ्या भाचीच्या प्रश्नावरून मी काल रात्री ती चार अक्षरं कागदावर मांडली. एस म्हणजे श्रीमती. एन म्हणजे नाथीबाई. डी म्हणजे नवरा. टी म्हणजे नवऱ्याचं आडनाव. चार अक्षरांत तिचं स्वतःचं एक. मी त्या विद्यापीठात पाच वर्षं होते. बायकांनी शिकावं कशाला, यावर निबंध लिहून बक्षीस मिळवलं. पण नाथीबाईंना लिहिता-वाचता येत होतं का, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

मुलगे आईवर प्रेम करतात, नाव लावतात, चांगलंच आहे. पण भिंतीवर चढलेली बाई बहुधा कोणाची तरी आई किंवा कोणाची तरी बायको. पुरुषाचं नाव मात्र त्याच्या पैशामुळे नाहीतर त्याच्या कामामुळे.

---

खिडकीतला_बगळा | रविवार, सकाळी १०.५०

सावलीताई, थोडं कडक होतंय. पैसे त्या काळी पुरुषांच्याच हातात होते, तर पैशाच्या नावाला बाई कुठून येणार?

---

माहीमकर | रविवार, सकाळी ११.४१

बगळेबुवा, सगळ्याच बायकांचे हात रिकामे नव्हते.

जेजेच्या आवारात, ग्रँट मेडिकलच्या मुलांना रोज जावं लागतं अशी एक जुनी इमारत आहे, बाई मोतलीबाई प्रसूती रुग्णालय. मोतलीबाई वाडिया. तरुणपणी विधवा झाल्या, इस्टेट स्वतः सांभाळली आणि रुग्णालयाला पैसे स्वतः दिले. हे नाव मुलाने लावलेलं नाही.

दुसरी आमच्या गावची. सर जमशेटजी जीजीभॉय हे नाव सगळ्यांना माहीत. जेजे हॉस्पिटल, जेजे स्कूल ऑफ आर्ट. १८५७ ला स्कूल ऑफ आर्ट निघालं त्याला त्यांचे एक लाख. पण वांद्र्याला जाताना होड्या बुडत, माणसं मरत, म्हणून माहीमचा कॉजवे बांधायला पैसे दिले ते त्यांच्या पत्नीने, आवाबाईंनी. दीड लाखाच्या वर. बरं, त्यांचं नाव रस्त्याला दिलं का? दिलं. लेडी जमशेटजी रोड. त्याचं झालं एल. जे. रोड. म्हणजे पैसे आवाबाईंचे, नाव नवऱ्याचं, आणि शेवटी उरली दोन अक्षरं, त्यातलं एकही त्यांचं नाही. आवाबाई नाव पाटीवर यायलाच पाहिजे होतं. मी चाळीस वर्षं त्या रस्त्यावर राहतो.

---

सावली | रविवार, सकाळी ११.४९

हे वाचून मी उठून एक फेरी मारून आले.

---

परदेशस्थ_पोहे | रविवार, दुपारी १.१०

जमशेटजींचा विषय निघालाय म्हणून विचारतो. त्यांचा पैसा बराचसा चीनच्या अफूच्या व्यापारातला होता ना? जार्डिन मॅथेसनबरोबरचा. मी ज्या देशात राहतो तिथे गेली काही वर्षं हेच चाललंय. येल विद्यापीठाने गुलामगिरीच्या कट्टर समर्थकाच्या, कॅल्हूनच्या नावाचं कॉलेज २०१७ मध्ये बदलून ग्रेस हॉपरचं केलं. त्या संगणकातल्या मोठ्या शास्त्रज्ञ. विद्यापीठाचं नाव मात्र येलच राहिलं, आणि एलिहू येल म्हणजे आपल्या मद्रासचा एके काळचा गव्हर्नर. आपल्याकडे असा हिशेब कोणी मांडत नाही का?

---

पेन्शनर | रविवार, दुपारी १.४५

मांडतात, पण आपल्याकडे तो वेगळ्या तराजूत मांडला जातो. आपण राज्यकर्त्यांची नावं काढली, दात्यांची ठेवली. व्हिक्टोरिया गेली, जमशेटजी राहिले. लहानपणी अनाथ झालेला, रिकाम्या बाटल्या विकणारा पोरगा, लोक त्याला बाटलीवाला म्हणायचे. मग चीनच्या फेऱ्या, मग अफू आणि कापूस, मग सर, मग बॅरोनेट. अफूवाला म्हणा, ते खरंच आहे. पण ज्याच्या बापाचं हाड जेजेत फुकट जोडून मिळालं त्याला हे कसं सांगणार? मी तरी सांगणार नाही. माझा बाप होता.

बाकी राज्यकर्त्यांचंही सगळं नाही गेलं. सांगलीत विलिंग्डन कॉलेज अजून आहे. १९३२ मध्ये गांधीजींना तुरुंगात टाकणारा व्हाइसरॉय तो हाच. मुंबईत सिडनहॅम आहे. त्या लॉर्ड सिडनहॅमने पुढे विलायतेत बसून हिंदुस्थानला अधिकार देण्याला कडाडून विरोध केला, आणि त्याच्याच नावाच्या कॉलेजात १९१८ ते १९२० बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्र शिकवत होते.

---

वऱ्हाडी_ठेचा | रविवार, दुपारी २.२०

आमच्या नागपूरचं मॉरिस कॉलेज घ्या. मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरचं नाव, १८८५. सरकारने त्याला वसंतराव नाईकांचं नाव देऊन किती वर्षं झाली. पण चौकाचं नाव मॉरिस कॉलेज टी-पॉइंट! ऑटोवाल्याला नवीन नाव सांगून बघा, तो तुम्हाला फिरवून आणून तिथेच सोडते, आणि वर म्हणते, "मॉरिस म्हणा ना भाऊ."

आणि दात्यांत आमचे डी. लक्ष्मीनारायण. कामठीचे, मँगनीजच्या खाणीवाले. मृत्युपत्रातच नागपूर विद्यापीठाला सांगून गेले, की हे पैसे घ्या आणि पोरांना तंत्रविद्या शिकवा. १९४२ पासून लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एलआयटी. आता तर त्याचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. माणूस गेल्यावर एवढं वाढलेलं दान मी दुसरं पाहिलेलं नाही.

---

पंचगंगा | रविवार, दुपारी ४.०२

कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, १८८०. लोकांना वाटतं ताराबाईंचे राजाराम. नव्हे. हे छत्रपती राजाराम वेगळे. विशीतले होते. १८७० मध्ये इंग्लंड बघून परत येताना इटलीत फ्लॉरेन्सला वारले. तिथल्या नगरपालिकेने दोन नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीने दहन करू दिलं. तिथे बागेत त्यांचा अर्धपुतळा आहे, डोक्यावर छत्री, आणि जवळच्या पुलाला 'इंडियानो' म्हणतात. म्हणजे ज्याचं नाव कोल्हापुरात कॉलेजला, तो फ्लॉरेन्समध्ये नुसता 'तो भारतीय'. कॉलेजात असताना आम्हाला हे कोणी सांगितलं नाही. अकरावीला इंग्रजीच्या सरांनी सांगितलं असतं तर मी तास बुडवले नसते.

---

नागसेनवन | रविवार, संध्याकाळी ६.३०

सगळं वाचलं. दाते, आया, गव्हर्नर. आता वेगळ्या प्रकारचं एक नाव सांगतो.

माझे वडील औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकले, मीही. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० मध्ये ते काढलं. नाव देताना त्यांनी ना देणगीदार बघितला, ना राजकारणी, ना स्वतःच्या घरातलं कोणी. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. विद्वान होता, वादात भल्याभल्यांना हरवायचा. नागसेन नावाच्या भिक्खूला त्याने प्रश्न विचारले आणि शेवटी त्याचं म्हणणं मान्य केलं. त्या संवादाचा पाली ग्रंथ आहे, मिलिंदपञ्हो. कॉलेजला नाव प्रश्न विचारणाऱ्याचं आणि आवाराला उत्तर देणाऱ्याचं, नागसेनवन. मुंबईला सिद्धार्थ कॉलेज, तिथल्या इमारती बुद्धभवन आणि आनंदभवन. आम्ही पोरं त्या आवारात झाडाखाली अभ्यास करायचो तेव्हा वडील सांगायचे, तू मिलिंदच्या जागी बस, मला नागसेन होऊ दे. मग ते गणित विचारायचे आणि मी हरायचो.

आणि विद्यापीठाचं नाव. १९७८ च्या जुलैमध्ये विधिमंडळाने ठराव केला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव. त्यानंतर मराठवाड्यात काय झालं, ते गावोगावच्या लोकांना विचारा. घरं जाळली. माणसं मारली. वडिलांच्या मामाचं घर गेलं. नाव मिळालं १४ जानेवारी १९९४ ला, तेही 'नामांतर' नाही, 'नामविस्तार'. सोळा वर्षं. तुम्ही वर बाराशे रुपयांत नाव लागल्याचं लिहिलंत, वाचून मी हसलो. खरंच हसलो, राग नाही. पण आमच्याकडे एका पाटीची किंमत पैशात लिहिता येत नाही.

---

नीलाक्षी | रविवार, संध्याकाळी ७.१५

नागसेनवन, धन्यवाद. भाचीला हे वाचायला दिलंय. तिचा प्रश्न आला, "मिलिंद हरला तरी त्याचं नाव कॉलेजला?" मी म्हटलं, हो.

---

रेघोट्या | रविवार, रात्री ८.०१

एक छोटी भर, अटी घालणाऱ्या दात्यांची. केईएमला जोडलेलं जी. एस. मेडिकल, १९२६. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी पैसे देताना अट घातली, की शिकवणारे सगळे भारतीयच हवेत. पहिले डीन डॉ. जीवराज मेहता, पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. आणि रुग्णालयाचं नाव मात्र किंग एडवर्ड मेमोरियल! एकाच आवारात राजाचं स्मारक आणि गोऱ्या प्राध्यापकांना मज्जाव. परळची ही जुगलबंदी मला फार आवडते.

---

कारकून | रविवार, रात्री ९.३०

मी कधी लिहीत नाही, नुसता वाचतो. सावलीताईंचं वाचून लिहावंसं वाटलं.

मी एका जिल्ह्याच्या गावी कॉलेजच्या ऑफिसात एकतीस वर्षं काढली. कॉलेजचं नाव लिहीत नाही. आमच्याकडे एक जुनी विंग आहे, तिला सगळे 'जुनी विंग' म्हणतात. एकदा तपासणी समिती येणार म्हणून रंगकाम निघालं, तेव्हा रंगाऱ्याने दाराजवळची संगमरवरी पाटीसुद्धा भिंतीबरोबर रंगवून टाकली. कोणाच्या लक्षात आलं नाही. नंतर तिच्यापुढे परीक्षा विभागाचं लोखंडी कपाट आलं, जुन्या उत्तरपत्रिकांचं.

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या वर्षी एक बाई आल्या. सत्तरीच्या असाव्यात, बरोबर नातू. म्हणाल्या, माझ्या आजोबांनी आजीच्या स्मरणार्थ इथे खोल्या बांधून दिल्या होत्या, पाटी बघायची आहे. प्राचार्य मीटिंगमध्ये. मी आणि शिपाई, दोघांनी कपाट ओढलं. फरशीवर चार पायांचे गंजाचे ठसे उमटले होते. मागे भिंतच. मी नखाने खरवडून बघितलं तर रंगाखाली गुळगुळीत लागलं. मग थिनर आणलं, ब्लेड आणलं आणि तासभर बसून एकेक अक्षर काढलं. बाई स्टुलावर बसून बघत होत्या. नातू मोबाईलचा उजेड धरून उभा.

रकमेचा आकडा निघाला. साल निघालं. कलेक्टर साहेबांचं नाव निघालं, त्यांच्या हस्ते उद्घाटन. आजोबांचं नाव, त्याखाली त्यांचा हुद्दा. आणि मधे लिहिलं होतं, 'यांच्या कै. सौभाग्यवतींच्या स्मरणार्थ'.

बस. नाव नव्हतं.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, घरात तिला सगळे 'वहिनी'च म्हणायचे. वडील तीन वर्षांचे असताना ती गेली. लग्नात तिचं नाव बदललं होतं, सासरचं कोणाला आठवत नाही, माहेरचं कोणी उरलं नाही. मला वाटलं, इथे तरी असेल.

---

सावली | रविवार, रात्री ९.४४

काका, मग पुढे?

---

कारकून | रविवार, रात्री १०.०२

पुढे काही नाही. त्यांना चहा दिला. नातवाने फोटो काढला. त्या गेल्यावर आम्ही कपाट परत जागेवर लावलं, उत्तरपत्रिका ठेवायला दुसरी जागा नव्हती. फक्त मी ते वीतभर बाजूला सरकवून घेतलं, म्हणजे 'सौभाग्यवती'पर्यंत दिसतं.